सेल्सफोर्स सीएलआय: फुकट आहे, भारी आहे, पण विचाराल तेवढंच सांगतं

सोमवारी सकाळी क्लायंटचा मेल आला, सेल्सफोर्समधल्या (कंपन्यांचे ग्राहक आणि विक्री सांभाळणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर) ऑपॉर्च्युनिटी ऑब्जेक्टवरचं, म्हणजे विक्रीच्या संधींच्या टेबलातलं, एक फील्ड काढून टाकायचंय, ते कुठेकुठे वापरलंय त्याची यादी संध्याकाळपर्यंत द्या. फील्डचं नाव रीजन कोड. आता गंमत अशी की त्या ऑर्गमध्ये (ऑर्ग म्हणजे एका कंपनीचं स्वतःचं सेल्सफोर्स) रीजन कोड आहे, रीजन कोड न्यू आहे आणि रीजन कोड न्यू 2 पण आहे, कारण ऑर्ग बारा वर्षं जुनी आणि आमच्याआधी तीन व्हेंडर येऊन गेलेत, प्रत्येकाने आधीच्याला शिव्या घालत स्वतःचं एक फील्ड वाढवलंय. माळ्यावरच्या पसाऱ्यासारखं, कोणी काही टाकत नाही आणि कोणाला काही सापडत पण नाही.

सेटअपमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, प्रत्येक कस्टम (आपण स्वतः बनवलेल्या) फील्डच्या पानावर 'व्हेअर इज धिस यूज्ड' असं बटण असतं, ते मला माहीत आहे, कमेंटमध्ये ज्ञान द्यायला येऊ नका. एक फील्ड असेल तर ठीक आहे हो. पण एंटरप्राइझ एडिशनमध्ये एका ऑब्जेक्टवर 500 कस्टम फील्ड करता येतात आणि आमच्या क्लायंटने ती मर्यादा म्हणजे टार्गेट समजलेलं आहे, तिथे एकेक पान उघडून बटण दाबत बसलो तर पुढच्या दिवाळीपर्यंत तेच करत बसेन. म्हणून सीएलआय, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून सेल्सफोर्सशी बोलायचं टूल.

तर हा रिव्ह्यू डिप्लॉयमेंटचा, म्हणजे केलेले बदल ऑर्गमध्ये चढवण्याचा, नाही. सीएलआयवर जे काही लिहिलेलं सापडतं ते सगळं डिप्लॉय, स्क्रॅच ऑर्ग, सीआय पाइपलाइन असंच असतं. मी गेली दोन वर्षं ते मुख्यतः बघायला वापरतोय, म्हणजे ऑर्गच्या पोटात काय आहे, कोणी केलंय, कधी केलंय, कशाला कोण चिकटलंय, एवढ्यासाठीच. आणि माझं म्हणणं आहे की याच कामासाठी ते सगळ्यात जास्त कामाचं आहे, डिप्लॉय करायला दुसरी टूल पण आहेत.

आधी थोडक्यात ओळख, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे जा. 2017 मध्ये एसएफडीएक्स नावाने आलं, मग 2023 च्या जुलैमध्ये एसएफ व्हर्जन 2 आलं आणि सगळ्या कमांडची नावं बदलली. पैसे लागत नाहीत, कोड ओपन सोर्स आहे, नोड जेएसवर चालतं, इन्स्टॉलर घ्या नाहीतर एनपीएमवरून टाका. व्हीएस कोडमधलं सेल्सफोर्सचं एक्स्टेन्शन वापरत असाल तर त्याच्या मागे पण हेच काम करत असतं. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल चालत नाही.)

लॉगिन एकदम सोपं. एसएफ ऑर्ग लॉगिन वेब म्हटलं की ब्राउझर उघडतो, नेहमीसारखं लॉगिन करा, एक अलायस (टोपणनाव) द्या, झालं. पुढच्या वेळी फक्त अलायस सांगायचा. माझ्याकडे सात-आठ ऑर्ग आहेत, प्रॉडक्शनच्या, म्हणजे क्लायंटच्या खऱ्या चालू ऑर्गच्या, अलायसला मी मुद्दाम 'खबरदार' असं नाव दिलंय, हसू नका, एकदा चुकीच्या ऑर्गवर कमांड मारलीत की तुम्ही पण द्याल.

मग पहिली कामाची कमांड, एसएफ ऑर्ग लिस्ट मेटाडेटा. मेटाडेटा म्हणजे ऑर्गमधले रेकॉर्ड नव्हेत, तर फील्ड, कोड, रूल असली ऑर्गची रचना. टाइप सांगायचा, म्हणजे कस्टम फील्ड, एपेक्स क्लास (सेल्सफोर्समधला कोड), फ्लो (कोड न लिहिता बनवलेलं ऑटोमेशन), जे असेल ते, की त्या टाइपचं जे जे आहे त्याची यादी समोर येते. नुसती नावं नाही बरं का, डॅश डॅश जेसन लावलं (म्हणजे उत्तर प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात मागितलं) की कोणी बनवलं, कधी बनवलं, शेवटचा हात कोणी लावला, कुठल्या पॅकेजचं आहे, सगळं. मी नवीन पोरांना हे सातबाऱ्यासारखं समजावतो. सेटअप स्क्रीन म्हणजे शेतात जाऊन उभं राहणं, समोर काय पीक आहे तेवढं दिसेल. ही यादी म्हणजे उतारा, त्यात मालक कोण आणि शेवटचा फेरफार कधीचा ते कळतं. रीजन कोड न्यू 2 कोणाच्या काळातलं हे मला तिथेच एका मिनिटात कळलं, आणि ज्याचं नाव निघालं तो माणूस कंपनी सोडून गेलाय हेही ओघाने आलंच.

एक सूचना, काही स्टँडर्ड गोष्टींपुढे तारीख 1 जानेवारी 1970 अशी दिसेल. घाबरू नका, सेल्सफोर्स 1999 साली सुरू झालेली कंपनी आहे. त्या तारखेचा अर्थ तारीखच नाही एवढाच, कॉम्प्युटरचं शून्य तिथून सुरू होतं. आमच्या एका ज्युनिअरने ती तारीख तशीच एक्सेलमध्ये टाकून क्लायंटला पाठवली होती.

पण यादीने पोट भरत नाही, खरी मजा एसएफ प्रोजेक्ट रिट्रीव्ह स्टार्ट मध्ये. आधी एक रिकामं प्रोजेक्ट बनवायचं आणि मग ऑर्गमधला मेटाडेटा तुमच्या लॅपटॉपवर फाइलच्या रूपात उतरवायचा. आणि इथे ज्याने सोर्स फॉरमॅट डिझाइन केला त्याला माझा नमस्कार, कारण पूर्वी एक ऑब्जेक्ट म्हणजे एक भलीमोठी एक्सएमएल फाइल असायची, सगळी फील्ड, सगळे व्हॅलिडेशन रूल (चुकीची माहिती सेव्ह होऊ न देणारे नियम), लिस्ट व्ह्यू सगळं एकात कोंबलेलं. आता प्रत्येक फील्डची वेगळी फाइल, प्रत्येक व्हॅलिडेशन रूलची वेगळी फाइल. म्हणजे सर्च केलं की फाइलच्या नावावरूनच कळतं की कुठे सापडलं.

तर मी सगळं उतरवलं आणि साधं ग्रेप (फाइलींमध्ये शब्द शोधणारी कमांड) मारलं, रीजन कोडच्या एपीआय नावावर, म्हणजे कोडमध्ये वापरतात त्या नावावर. दोन सेकंदात अठ्ठेचाळीस फाइल. लेआउट, फ्लो, तीन व्हॅलिडेशन रूल, रिपोर्ट, आणि एक एपेक्स क्लास जिथे फील्डचं नाव चक्क कोटमध्ये स्ट्रिंग म्हणून लिहून त्यापासून क्वेरी तयार केली होती. हा शेवटचा लक्षात ठेवा. स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं नाव सेल्सफोर्सच्या हिशोबात डिपेंडन्सी धरलंच जात नाही, कंपायलरसाठी ती फक्त अक्षरं आहेत, त्यामुळे फील्ड उडवताना सिस्टीम अडवणार नाही आणि कोड रात्री अडीचला फुटेल. ग्रेपला मात्र अक्कल नसते म्हणून त्याला सापडतं. या एका कारणासाठी मी बटण सोडून सीएलआयकडे येतो.

आता सगळं उतरवलं असं मी सहज म्हणालो पण ते सगळं म्हणजे सगळं नसतं, आणि नवीन माणूस इथेच फसतो. मॅनिफेस्टमध्ये (काय काय उतरवायचं त्याची यादी असलेली फाइल) कस्टम ऑब्जेक्टसाठी तारा म्हणजे स्टार टाकला की वाटतं सगळे ऑब्जेक्ट आले, पण त्यात अकाउंट, ऑपॉर्च्युनिटी, केस असले स्टँडर्ड ऑब्जेक्ट येतच नाहीत, त्यांची नावं एकेक करून लिहावी लागतात. रिपोर्ट, डॅशबोर्ड आणि ईमेल टेम्प्लेट यांना तर स्टार चालतच नाही, फोल्डरसकट नावं द्या. कंटाळा आला असेल तर एसएफ प्रोजेक्ट जनरेट मॅनिफेस्ट, फ्रॉम ऑर्ग लावून, ही कमांड ऑर्गमध्ये जाऊन पूर्ण यादी स्वतःच लिहून आणते, मोठ्या ऑर्गला वेळ लागतो, तेवढ्यात चहा करून या. मग तो मॅनिफेस्ट एका फटक्यात रिट्रीव्ह करायला गेलात तर पुढची भिंत, मेटाडेटा एपीआय, म्हणजे ज्या वाटेने हे सगळं उतरतं ती, एका वेळी 10,000 फाइल आणि झिप केल्यावर 39 एमबी यापलीकडे जात नाही. मी तुकडे करतो, एपेक्स एकीकडे, ऑब्जेक्ट एकीकडे, रिपोर्ट एकीकडे, प्रोफाइल... हां, प्रोफाइल.

प्रोफाइल म्हणजे कुठल्या युजरला काय बघता आणि बदलता येतं त्या परवानग्यांचा गठ्ठा. त्याची गोष्ट सांगतो, माझीच चूक आहे, दुसऱ्या कोणाची नाही. दीड वर्षापूर्वी एका ऑडिटसाठी विचारलं होतं की सेल्सच्या एका प्रोफाइलला अमुक ऑब्जेक्टवर काय परवानग्या आहेत. मी शहाणा, फक्त प्रोफाइल रिट्रीव्ह केलं, फाइल उघडली, त्या ऑब्जेक्टचं नावसुद्धा नाही त्यात. दिलं लिहून, नो ॲक्सेस. दुसऱ्या दिवशी कॉलवर तिकडच्या ॲडमिनने स्क्रीन शेअर केली आणि त्याच प्रोफाइलचा युजर त्या ऑब्जेक्टवर आरामात रेकॉर्ड एडिट करतोय. कॉलवर शांतता. आमची लीड, जिला सगळे ताई म्हणतात, तिने म्यूट करून मला एवढंच विचारलं, "अरे प्रोफाइल एकटंच काढलंस ना?"

तर असं असतं ते: प्रोफाइल रिट्रीव्ह करताना त्याच रिक्वेस्टमध्ये जी ऑब्जेक्ट आणि फील्ड मागितली असतील तेवढ्यांच्याच परवानग्या फाइलमध्ये येतात. ऑब्जेक्ट मागितलं नाहीत तर त्याची ओळच नाही, आणि ओळ नाही याचा अर्थ परवानगी नाही असा होत नाही. तलाठ्याला गट नंबर दिलाच नाहीत तर त्या गटाचा उतारा मिळणार कुठून, आणि उतारा मिळाला नाही म्हणून जमीन नाही असं तुम्हीच ठरवलंत तर त्याचा काय दोष. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. पण माझी तक्रार आहेच, फाइल अर्धवट आहे अशी एक ओळ टर्मिनलवर छापायला काय हरकत आहे? हिरव्या अक्षरात सक्सेस म्हणून येतं आणि माणूस गाफील राहतो. परमिशन सेटचं (प्रोफाइलवर वरून दिलेल्या जादा परवानग्या) असं नाही, ते मागितलं की पूर्ण येतं, त्यामुळे दोन्ही सारखंच असेल असं वाटून अजून घोळ.

तेव्हापासून परवानग्यांसाठी मी फाइल बघतच नाही, सरळ क्वेरी मारतो. एसएफ डेटा क्वेरी, आणि ऑब्जेक्ट परमिशन्स नाहीतर फील्ड परमिशन्स या टेबलवर एसओक्यूएल (सेल्सफोर्सची क्वेरीची भाषा). कुठल्या प्रोफाइलला आणि कुठल्या परमिशन सेटला वाचता येतं, कोणाला बदलता येतं, सगळं एका टेबलात. सीएसव्हीमध्ये काढा आणि क्लायंटला द्या, क्लायंटला एक्सेल दिलं की तो खूष असतो.

हीच क्वेरीची कमांड टूलिंग एपीआयचा, म्हणजे ऑर्गच्या रचनेवरच क्वेरी मारू देणारा, फ्लॅग लावून चालवली की अजून एक मजला उघडतो. एपेक्स क्लास, व्हॅलिडेशन रूल, फ्लो हे सगळं डेटाबेसच्या टेबलासारखं विचारता येतं, कुठले रूल बंद पडलेत, कुठला क्लास किती जुन्या एपीआय व्हर्जनवर आहे वगैरे. मेटाडेटा कंपोनंट डिपेंडन्सी नावाचं एक टेबल पण आहे, कोण कोणावर अवलंबून आहे ते सांगणारं, वर्षानुवर्षं बीटावरच आहे आणि एका क्वेरीला 2000 ओळींच्या पुढे जात नाही, पण अंदाज यायला चांगलं. एक विचित्र नियम मात्र माहीत असू द्या, टूलिंगमध्ये मेटाडेटा नावाचा कॉलम मागितलात, म्हणजे रूलचा फॉर्म्युलाच वगैरे हवा असेल, तर क्वेरीने एकच ओळ परत आली पाहिजे, दोन आल्या की एरर. म्हणजे शंभर रूलचे फॉर्म्युले हवेत तर शंभर वेळा विचारा. यासाठी मी एक छोटी लूप लिहून ठेवलीय, कुरूप आहे पण चालते.

परत रीजन कोडकडे येऊ. अठ्ठेचाळीस जागा साफ केल्या, सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीची ऑर्गची प्रत) डिलीट दाबलं, आणि सेल्सफोर्स म्हणतं नाही, एका फ्लोमध्ये वापरात आहे. मी म्हटलं अरे बाबा त्या फ्लोमधून कालच काढलं, फाइल उघडून बघ, नाहीये. झालं काय होतं की रिट्रीव्ह केलं तेव्हा त्या फ्लोची ॲक्टिव्ह व्हर्जन आली, पण एका फ्लोच्या 50 पर्यंत व्हर्जन ऑर्गमध्ये पडून राहू शकतात, आणि त्यातल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या जुन्या व्हर्जनने फील्ड धरून ठेवलं तरी डिलीट होत नाही. मेलेल्या वारसाची सही मिळत नाही म्हणून जमीन अडकून पडते तसा प्रकार. ग्रेपला ते सापडणारच नव्हतं, कारण ती फाइल लॅपटॉपवर आलीच नाही.

इथे परत टूलिंग. फ्लो टेबलवर क्वेरी, व्हर्जन नंबर आणि स्टेटस मागितला, सतरा व्हर्जन निघाल्या, 301 ने सुरू होणारे आयडी. मग एसएफ डेटा गेट रेकॉर्ड, टूलिंगचा फ्लॅग, एकेक आयडी, जेसनमध्ये काढून त्यात सर्च. व्हर्जन 4, 5 आणि 9 मध्ये रीजन कोड. उडवल्या, फील्ड सुटलं. सेटअपमधून हेच करायचं म्हणजे प्रत्येक व्हर्जन फ्लो बिल्डरमध्ये उघडायची, लोड व्हायची वाट बघायची, प्रत्येक डब्यावर क्लिक करून आत बघायचं. मी एकदा केलंय तसं, परत नाही.

थोडी कुरकुर पण ऐका. कमांड सुरू व्हायलाच दोन-तीन सेकंद घेते, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तर जास्तच, लूपमध्ये शंभर वेळा चालवली की ते दोन-तीन सेकंद साचत जातात. कमांडची नावं लांबलचक, अर्थात टॅब दाबून पूर्ण होतात ऑटोकम्प्लीट लावलं तर, आणि नुसतं एसएफ सर्च म्हटलं की यादीतून निवडता पण येतं. नावं बदलल्यामुळे इंटरनेटवरची निम्मी उत्तरं जुन्या एसएफडीएक्स फोर्स सोर्स वाल्या पद्धतीची आहेत, कॉपी पेस्ट केलीत तर डोकं फिरेल, मशीनवर जुनं एसएफडीएक्स पडून असेल तर आधी ते काढा. अपडेट जवळपास दर आठवड्याला असतात, मी महिन्यातून एकदा करतो, रोज मागे लागत नाही.

विंडोजवाल्यांनो, कोटचं प्रकरण सांभाळा, क्वेरी डबल कोटमध्ये आणि आतली व्हॅल्यू सिंगल कोटमध्ये. आणि ट्रान्सलेशनमध्ये मराठी लेबल असतील (हो, सेल्सफोर्समध्ये मराठी चालते, पूर्ण स्क्रीन नाही पण तुमची स्वतःची लेबल मराठीत करता येतात) तर जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती चौकोन चौकोन दिसतात, फाइल व्यवस्थित असते, एडिटरमध्ये उघडून बघा. मी एकदा अर्धा तास हे दुरुस्त करत बसलो होतो जे बिघडलेलंच नव्हतं.

जेक्यू, म्हणजे जेसनमधून हवं तेवढंच गाळून काढणारं टूल, शिकून घ्या. खरंच सांगतो. जवळपास प्रत्येक कमांडला जेसन आउटपुट आहे हे या टूलचं अर्धं मोल आहे, स्क्रीनवरचं टेबल दिसायला बरं पण रुंद झालं की ओळी तुटतात आणि वाचता येत नाही. गेल्या महिन्यात कुठल्या फ्लोला शेवटचा हात कोणी लावला हा प्रश्न लिस्ट मेटाडेटा आणि जेक्यू मिळून एका ओळीत सुटतो.

आणि एक सवय, जिने मला दोनदा वाचवलंय. रोज रात्री एक स्क्रिप्ट ठरलेला मेटाडेटा रिट्रीव्ह करते आणि गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) कमिट करते. बस. सकाळी डिफ, म्हणजे आधीच्या आणि आताच्या फाइलमधला फरक, बघितला की काल काय बदललं ते कळतं. सेटअप ऑडिट ट्रेल (सेटअपमधल्या बदलांची नोंदवही) असतंच, त्याच्यावर पण क्वेरी मारता येते, पण ते 180 दिवसांचंच आणि त्यात अमुक रूल बदलला एवढंच असतं, फॉर्म्युला आधी काय होता ते नसतं. गिटमध्ये दोन्ही ओळी समोरासमोर, लाल आणि हिरवी. "आम्ही काहीच बदललं नाही" या वाक्यावर याच्याइतकं चांगलं औषध मी बघितलेलं नाही, फक्त नम्रपणे पाठवा.

सुरक्षेबद्दल एकच, ऑर्गचा ऑथ यूआरएल कोणालाही चॅटवर टाकू नका. त्यात रिफ्रेश टोकन असतो, म्हणजे पासवर्ड न विचारता घरात शिरायची किल्ली. मी एका ग्रुपवर कोणीतरी एररचा स्क्रीनशॉट म्हणून असलं काहीतरी टाकलेलं पाहिलंय.

कोणी घ्यावं? ॲडमिन असाल आणि टर्मिनल बघून घाम फुटत असेल तरी लॉगिन, लिस्ट मेटाडेटा आणि डेटा क्वेरी या तीन शिका, यातल्या कशानेच ऑर्गमध्ये काही बदलत नाही, निर्धास्त राहा. डेव्हलपर असाल तर तुमच्याकडे ते आहेच, फक्त डिप्लॉयपुरतं वापरताय. पाचपैकी चार देतो, एक प्रोफाइलसाठी कापला.

हां, आणि रीजन कोडचं पुढे काय झालं ते राहिलंच. प्रॉडक्शनमध्ये फील्ड उडवलं, यादी पाठवली, क्लायंटने छान म्हटलं, ताईने पण ग्रुपवर अंगठा टाकला. अकराव्या दिवशी मेल, फायनान्सचा महिनाअखेरचा रिपोर्ट रिकामा येतोय. शोधलं तर त्यांच्याकडे बाहेर एक जुनं सर्व्हर, त्यावर कोणीतरी कधीकाळी लिहिलेली स्क्रिप्ट, ती रोज एपीआयने रीजन कोड ओढून घ्यायची. ऑर्गच्या मेटाडेटात त्याचा मागमूस असायचं कारणच नाही, स्क्रिप्ट ऑर्गमध्ये नव्हतीच, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं की बाहेरून कोणी काही ओढतंय का. नशीब एवढंच की उडवलेलं कस्टम फील्ड 15 दिवस परत आणता येतं. ते मी सेटअपमध्ये जाऊन, माउसने, दोन क्लिकमध्ये परत आणलं, आणि मग पेज लेआउटवर पुन्हा लावत बसलो, कारण ते आपोआप परत येत नाही.